ब्रेक लागतो म्हणजे पाइप बरोबर बसलाय असं नाही! जुन्या स्पोर्ट्स बाइकवाल्यांनी पुढच्या ब्रेकची ही गोष्ट तपासाच

सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक घेताना बहुतेक जण इंजिनचा आवाज ऐकतात, सायलेन्सरमधून धूर येतो का ते पाहतात, टायरवर अंगठा फिरवतात आणि पुढचा ब्रेक दोनदा दाबतात. लिव्हर घट्ट लागला की ब्रेक ओके. मग गाडी कितीला सोडणार, यावर बोलणे सुरू होते.

पण हँडलवरच्या लिव्हरपासून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जो काळा पाइप उतरतो, तो कशाच्या पुढून गेला, कशाच्या मागून गेला, कुठे बांधला आहे आणि कुठे मोकळा सोडला आहे, हे वाकून पाहणारे फार थोडे. जुन्या गाडीत खरी गडबड तिथेच असते. चुकीच्या वाटेने नेलेला पाइपही ब्रेक लावतोच, अनेकदा महिनोन्महिने लावतो. उभ्या गाडीवर लिव्हर दाबून ही चूक कळत नाही. ती कळते हँडल टोकापर्यंत वळवल्यावर, पुढचे चाक खड्ड्यात आपटल्यावर किंवा पाइप घासून घासून फुटल्यावर.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात हा विषय जास्त महत्त्वाचा का, तर इथे येणारी जुनी स्पोर्ट्स बाइक अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातली असते. एमएच २२ पासिंगच्या गाड्या असतात, तशा एमएच १२ आणि एमएच २० पासिंगच्याही असतात. तोवर ती चार गॅरेजमधून फिरलेली असते. कधी पुढचे शॉकअप बदललेले, कधी हँडल उंच केलेले, कधी फेअरिंग काढून परत बसवलेले. या प्रत्येक कामात ब्रेकचा पाइप एकदा सुटतो आणि पुन्हा जोडला जातो. कंपनीतून निघताना तो ज्या वाटेने गेला होता, त्याच वाटेने परत गेला का?

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय आपण?

हीरो होंडाची करिझ्मा २००३ मध्ये आली. २२३ सीसी इंजिन आणि पुढे २७६ मिलिमीटरची डिस्क. बजाजची पल्सर २२० आली २००७ मध्ये, पुढे २६० मिलिमीटरची डिस्क घेऊन. यामाहाची पहिली आर-१५ आली २००८ मध्ये, २६७ मिलिमीटरच्या डिस्कसह. आज तिशी-पस्तिशीत असलेल्यांच्या कॉलेजच्या पार्किंगमधल्या या गाड्या. त्या काळात यातल्या एकाही गाडीला एबीएस नव्हते. भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून.

एबीएस नसणे ही या लेखापुरती एका अर्थाने सोय आहे. पाइपची वाट सरळ आहे: हँडलवरचा मास्टर सिलिंडर, तिथून पाइप, खाली कॅलिपर. एबीएसच्या गाडीत पाइप आधी टाकीखालच्या युनिटकडे जातो आणि तिथून परत चाकाकडे येतो. ते काम वेगळे आहे आणि घरी करण्यासारखे नाही.

त्या पाइपात चालते काय?

इंजिनीअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्स घेतलेल्या प्रत्येकाने पास्कलचा नियम पाठ केलेला असतो. परीक्षेत तो पाच मार्कांना येतो आणि ब्रेकच्या लिव्हरमध्ये रोज येतो. बंद द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो.

ढोबळ आकडे घेऊन पाहा. तुम्ही बोटांनी लिव्हरवर १० किलोचा जोर दिला. लिव्हरच्या लांबीमुळे तो साधारण पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ५० किलो होतो. हा पिस्टन साडेबारा मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटर धरा. दाब झाला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ४० किलो. तुमच्या पुढच्या टायरमध्ये असतो साधारण २. म्हणजे रोजच्या ब्रेकलाही हा पाइप टायरच्या वीसपट दाब सोसतो. अचानक कुत्रे आडवे आले आणि लिव्हर करकचून दाबला, तर त्याहून बराच जास्त.

दुसरी गोष्ट, ब्रेक पॅड डिस्कपासून अगदी केसभर अंतरावर असतात. त्यामुळे ब्रेक लागायला पाइपातून फार थोडे ऑइल पुढे सरकावे लागते. पाइप जराही फुगला, आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा एखाद्या जोडातून थेंब थेंब गळती लागली, तर लिव्हर लगेच मऊ लागतो.

आणि पुढचा ब्रेक गेला तर? मागचा आहे की, असे म्हणणारे भेटतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबवण्याच्या ताकदीतला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या चाकाचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन्ही ब्रेक नीट लागले तर गाडी साधारण २३ मीटरमध्ये थांबू शकते. फक्त मागच्या ब्रेकवर हेच अंतर दुपटीच्या आसपास जाते. जिंतूर-परभणी रस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली असेल, तर हे वरचे २३ मीटर कुठून आणायचे?

पाइपला दोन हालचाली सांभाळायच्या असतात

आता मूळ मुद्दा. मास्टर सिलिंडर हँडलवर आहे, तो हँडलबरोबर डावी-उजवीकडे फिरतो. कॅलिपर शॉकअपच्या खालच्या भागावर आहे. तोही हँडलबरोबर फिरतो, पण शिवाय प्रत्येक खड्ड्याला वर-खाली होतो. ही वर-खाली हालचाल अशा गाड्यांत १०-१२ सेंटिमीटरच्या आसपास असते. फ्रेम, टाकी, फेअरिंग आणि हेडलाइटचा स्टँड मात्र जागच्या जागी.

म्हणजे पाइप हलणाऱ्या दोन टोकांमध्ये लटकलेला आहे आणि त्याच्या आजूबाजूला न हलणाऱ्या, धारदार कडांच्या वस्तू आहेत. त्याच्या वाटेचे सगळे शास्त्र यातच आले.

हँडलखाली दोन्ही शॉकअपना धरून ठेवणाऱ्या दोन जाड पट्ट्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना वरचा टी आणि खालचा टी म्हणतात. कंपनीने पाइपला सहसा खालच्या टीवर किंवा त्याच्या आसपास एक क्लॅम्प किंवा तारेची कडी दिलेली असते. हँडल वळले की तो क्लॅम्पही वळतो, त्यामुळे तिथे पाइप घट्ट धरला तरी चालतो. त्याखाली पाइपला मुद्दाम थोडी ढील दिलेली असते, कारण तिथून पुढे शॉकअपची वर-खाली सुरू होते. मग मडगार्डच्या बोल्टजवळ किंवा शॉकअपच्या खालच्या नळीवर आणखी एक क्लॅम्प, आणि शेवटी कॅलिपर.

मधली ही ढील कुठल्या बाजूला झुकते, यावर बरेच काही ठरते. शॉकअप दबला की ढील वाढते आणि पाइपचा फुगवटा बाहेर येतो. तो बाहेरच्या किंवा पुढच्या बाजूला गेला पाहिजे. क्लॅम्प उलटा बसला असेल तर तो आत, टायरकडे जातो. प्रत्येक खड्ड्याला पाइप फिरत्या टायरला किंवा डिस्क प्लेटला हळूच चाटून येतो. आवाज येत नाही, ब्रेकमध्ये फरक जाणवत नाही. रबराचा बाहेरचा थर तेवढा रोज थोडा थोडा जात राहतो.

आपल्याकडे यात काळ्या मातीची भर आहे. पावसाळ्यात शेतातून किंवा कच्च्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली चिखल बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. पाइप आणि क्लॅम्पच्या मधल्या फटीत शिरलेली माती व कच पॉलिश पेपरचे काम करते. त्यामुळे गाडी धुताना ही जागा धुऊन काढा. पाण्याचा जोराचा फवारा सांध्यांवर न मारता, हाताने.

पाइप चेपला की ब्रेक अडकतो: हार्लेचे उदाहरण

पाइप घासणे हा एक प्रकार. दुसरा प्रकार चेपण्याचा, आणि तो जास्त फसवा आहे. याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले. २०१४ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने त्या वर्षीच्या मॉडेलच्या ६६ हजारांहून अधिक टुरिंग गाड्या परत बोलावल्या. कारण काय होते? पुढच्या ब्रेकचा पाइप पेट्रोलची टाकी आणि फ्रेम यांच्यामध्ये चेपला जाण्याची शक्यता. त्यामुळे पुढच्या ब्रेकमधला दाब वाढून चाक जाम होऊ शकत होते. ना पिस्टनचा दोष, ना डिस्कचा. पाइप जिथून जायला हवा तिथून जात नव्हता, एवढेच.

पाइप चेपला तर ब्रेक लागणार नाही असे आपल्याला वाटते. मग चाक जाम कसे होईल? याचे उत्तर दाब कोण देतो यात आहे. लिव्हर दाबताना तुमच्या हाताची ताकद असते, त्यामुळे ऑइल चेपलेल्या जागेतूनही जोराने पुढे जाते. लिव्हर सोडल्यावर मात्र ते परत आणायला फक्त कॅलिपरमधल्या रबरी सीलची थोडीशी ओढ असते. ती अरुंद जागेतून ऑइल परत खेचू शकत नाही. दाब खालीच अडकतो, पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, ऑइल तापून प्रसरण पावते आणि दाब आणखी वाढतो.

साध्या सिंगल डिस्कच्या गाडीतही हे घडू शकते. पाइप खालचा टी आणि फ्रेमच्या स्टॉपरच्या मधून गेला असेल, तर बाजारात गाडी वळवताना हँडल टोकाला गेले की तो दर वेळी चिमटीत सापडतो. काही दिवसांनी आतला थर चुरगळून सुटतो आणि मग हँडल सरळ असतानाही तो झडपेसारखा वागतो. ब्रेक लागतो, सुटत नाही. अशा वेळी मिस्त्री कॅलिपर खोलून साफ करतो, सील किट टाकतो आणि आठवड्याने गाडी परत येते. पाइपकडे लक्ष सगळ्यात शेवटी जाते. चाक जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीडर निप्पल जरा सैल करून पाहावा. थोडे ऑइल उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दाब अडकून बसला होता. पाइप बरोबरच मास्टर सिलिंडरही मग तपासायला हवा. निप्पल उघडूनही चाक जडच राहिले तर कॅलिपरकडे वळा.

चूक सहसा कुठे होते?

अपघातानंतर. पुढून आपटलेल्या गाडीचे शॉकअप आणि टी बदलले जातात, आणि जोडताना आधी लोखंड बसते, मग पाइपला जागा शोधली जाते. खरे तर पाइप खोलण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी चार फोटो काढून ठेवले तर अर्धा प्रश्न सुटतो. आज प्रत्येक मिस्त्रीच्या खिशात कॅमेरा आहे. गाडी गॅरेजला टाकताना तुम्हीच काढून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे हँडल. स्पोर्ट्स बाइकचे खाली झुकलेले क्लिप-ऑन हँडल रोज गावात चालवताना मनगटाला आणि कमरेला त्रास देते. मग कोणी रायझर लावतो, कोणी सरळ पाइपचे हँडल बसवतो. मास्टर सिलिंडर काही सेंटिमीटर वर गेला, पाइप मात्र तोच राहिला. उभ्या गाडीवर तो पुरतो. गाडी स्पीडब्रेकरवरून उडाली, पुढचे चाक लोंबकळले आणि शॉकअप पूर्ण उघडला की तो ताणला जातो. तो ताण थेट दोन टोकांच्या बँजोवर, म्हणजे भोक असलेल्या गोल जोडावर येतो. पाइप फुटण्याची सर्वात जास्त शक्यता तिथेच, रबर आणि धातू मिळतात त्या गळ्याशी असते.

तिसरी चूक उलटी आहे. जास्त लांब पाइप. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून मिळणारा लांब पाइप घ्यायचा आणि उरलेला भाग गोल करून केबल टायने शॉकअपला आवळायचा. केबल टाय वायरिंगसाठी ठीक आहे. ब्रेकच्या पाइपला तो आवळला की दोन गोष्टी होतात. पाइपची मोकळी हालचाल थांबून सगळा वाक एकाच ठिकाणी पडतो, आणि प्लॅस्टिकची कड तिथेच रबरात रुतते. माझ्या मते पुढच्या ब्रेकवर काळा केबल टाय दिसला, तर ती गाडी घेण्याआधी दहा मिनिटे जास्त घालवावीत.

स्टीलची जाळी असलेल्या पाइपबद्दलही थोडे बोलायला हवे. दिसायला भारी, आणि कामातही चांगला. आतली टेफ्लॉनची नळी आणि वरची स्टीलची वीण यामुळे तो कमी फुगतो आणि लिव्हर कडक लागतो. पण ही वीण उघडी असेल तर ती अक्षरशः कानस आहे. ज्याला घासेल ते कापेल: टाकीचा रंग, वायरिंगची इन्सुलेशन, ॲक्सिलरेटर केबलचे आवरण. वरून प्लॅस्टिकचे पारदर्शक कव्हर असलेलाच घ्यावा. शिवाय रबरी पाइप खराब होताना निदान भेगा दाखवतो. टेफ्लॉनची नळी तीव्र वाक पडून आत मोडली, तरी वरून पाइप चकाचकच दिसतो.

घरी कसे तपासाल?

गाडी मेन स्टँडवर घ्या. स्टँड नसेल तर कोणाला तरी गाडी धरायला लावा. इंजिन बंद. हँडल सरळ ठेवून पाइप वरून खालपर्यंत बोटाने चाचपा. बहुतेक रबरी पाइपवर अक्षरे किंवा एक सरळ रेघ छापलेली असते. ती रेघ पाइपभोवती दोरीसारखी गुंडाळत खाली जात असेल, तर बसवताना पाइपला पीळ पडला आहे. बँजो बोल्ट घट्ट करताना बँजोही सोबत फिरतो आणि हा पीळ पडतो. म्हणून आवळताना तो एका हाताने धरून ठेवायचा असतो. कॅलिपरवर बँजो टेकण्यासाठी अनेकदा एक छोटा खांब दिलेला असतो. बँजो त्याच्या योग्य बाजूला टेकलेला आहे ना, तेही पाहा.

मग हँडल हळूहळू पूर्ण डावीकडे. पाइप कुठे ताणतो का, फेअरिंगच्या कडेवर टेकतो का, टी आणि फ्रेमच्या मधल्या फटीत शिरतो का? मग पूर्ण उजवीकडे, तेच सगळे. हे करताना ॲक्सिलरेटर केबलकडेही लक्ष ठेवा. दोघे एकमेकांना पीळ घालून बसले असतील, तर हँडल वळवल्यावर इंजिनची रेस आपोआप वाढू शकते. इंजिन चालू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हे वेगळे तपासता येते.

आता शॉकअप. मेन स्टँडवर मागे कोणी वजन टाकले की पुढचे चाक उचलले जाते आणि शॉकअप पूर्ण उघडतो. या स्थितीत हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहा. पाइपला सर्वात जास्त लांबी लागते ती इथे. तरीही त्यात थोडा वाक शिल्लक राहिला पाहिजे. तार ताणल्यासारखा सरळ झाला तर तो आखूड आहे, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. उलटी परीक्षा स्टँडवरून उतरवून करा. पुढचा ब्रेक धरून हँडलवर अंगाचा भार टाकून शॉकअप दाबा आणि दुसऱ्याला बाजूने पाहायला सांगा, फुगवटा टायरकडे जातो की बाहेर. दाबलेल्या स्थितीत पाइप आणि टायर यांच्यात बोट सहज जायला हवे.

शेवटी लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. तो हळूहळू मुठीकडे सरकत असेल, किंवा पाइपावर कुठे फुगा दिसत असेल, तर त्या दिवशी गाडी फक्त ढकलत गॅरेजपर्यंत न्या.

नवा पाइप घ्यायचा तर

कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारणपणे ब्रेक ऑइल दोन वर्षांनी आणि रबरी पाइप चार वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. २००८ च्या गाडीला मूळचाच पाइप असेल तर वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही. अडचण ही की जुन्या मॉडेलचा ओरिजनल पाइप तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरहून मागवावा लागतो. अशा वेळी माप बरोबर देता आले पाहिजे.

मापासाठी एक सुतळी पुरते. चाक वर उचललेले, शॉकअप पूर्ण उघडलेला, आणि हँडल ज्या बाजूला वळवल्यावर पाइपला जास्त लांबी लागते त्या टोकाला. सुतळी एका बँजोच्या भोकापासून दुसऱ्या बँजोच्या भोकापर्यंत, कंपनीच्या क्लॅम्पमधून, पाइप जसा जायला हवा तशी न ताणता फिरवा. त्यात थोडा वाक राहील एवढी ढील धरा. दोन्ही टोकांच्या बँजोचा कोन, सरळ की वाकडा, याचा फोटो दुकानदाराला पाठवा. लांबी बरोबर आणि कोन चुकीचा असेल तर पाइप बसतो खरा, पण पहिल्याच सेंटिमीटरमध्ये मुरगळतो.

बँजो बोल्टचे आटेही बघा. १० मिलिमीटरच्या बोल्टमध्ये १.२५ आणि १.०० अशा दोन प्रकारचे आटे मिळतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे आरामात जातो आणि मग जोर लावला की कॅलिपरचे आटे घेऊनच बाहेर येतो. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाकावेत. पाइपावर आयएस ७०७९ किंवा एसएई जे १४०१ असा छाप शोधा. ही ब्रेकच्या पाइपसाठीची मानके आहेत.

आणि एक गोष्ट, जी आपल्या भागात नक्की सांगायला हवी. ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप जागेवर बनवून देणारी दुकाने आहेत. लांबी सांगा, मशिनवर प्रेस करून दहा मिनिटांत पाइप तयार. दाबाचा विचार केला तर तो पाइप बाइकच्या ब्रेकपेक्षा कितीतरी जास्त सोसतो, म्हणून चालेल असे वाटते. चालत नाही. हायड्रॉलिक ऑइल खनिज तेल असते आणि त्या पाइपचे आतले रबर त्यासाठी बनवलेले असते. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नाहीच. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत. खनिज तेलाचे रबर त्यात फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. याच कारणाने मास्टर सिलिंडरमध्ये चुकूनही इंजिन ऑइल टाकू नये.

दोन डिस्कच्या गाड्या

जिंतुरात क्वचित, पण पुण्या-मुंबईकडून आलेल्या जुन्या ६०० सीसीच्या वरच्या जपानी गाड्यांना पुढे दोन डिस्क असतात. तिथे पाइप नेण्याच्या तीन पद्धती आहेत. मास्टर सिलिंडरपासूनच दोन वेगळे पाइप खाली, किंवा खालच्या टीजवळ एकाचे दोन, किंवा एक पाइप एका कॅलिपरला आणि तिथून मडगार्डवरून कमानीसारखा दुसऱ्या कॅलिपरला. तिसऱ्या पद्धतीत कमानीचा वरचा भाग हवेचा बुडबुडा अडकायला आयती जागा आहे. पहिल्या पद्धतीत एकाच लांब बोल्टवर दोन बँजो बसतात. तिथे वॉशर तीन लागतात, दोन नव्हे.

पाइप बसला, आता हवा काढायची

हवा वर जाते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पाइपचा एखादा वाक मास्टर सिलिंडरच्याही वर गेला असेल, तर हवा तिथेच थांबते. खालच्या निप्पलमधून कितीही ऑइल काढा, लिव्हर स्पंजसारखाच लागतो. क्लिप-ऑन हँडलच्या गाडीत मास्टर सिलिंडर तिरपा बसतो, आणि त्याच्या तोंडाशी असलेला बँजो बोल्ट हीच अनेकदा सर्वात उंच जागा ठरते. हँडल अशा बाजूला वळवा की ऑइलची डबी सर्वात वर येईल. मग फडके गुंडाळून, लिव्हर दाबलेला असताना वरचा बँजो बोल्ट पाव फेरा सैल करून लगेच आवळा. तिथली हवा फुस्स करून निघते. लिव्हर सोडायच्या आत बोल्ट आवळला गेला पाहिजे, नाही तर उलटी हवा आत जाते.

हवेची जागा किती महत्त्वाची, हे सुझुकीला २०१३ मध्ये कळले. जीएसएक्स-आर मालिकेच्या दोन लाखांहून अधिक गाड्या पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरसाठी परत बोलावल्या गेल्या. ऑइल जुने झाले की आतला पिस्टन गंजून वायू तयार व्हायचा. ऑइलच्या डबीकडे जाणारे छिद्र वर नसून बाजूला असल्यामुळे तो बाहेर पडत नसे आणि लिव्हर मऊ पडत जायचा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली मर्यादा १५५ अंश आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली कपाटात ठेवून यंदा वापरू नका. छोटी बाटली घ्या आणि त्याच दिवशी संपवा. हे ऑइल रंग खाते. टाकीवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसते फडक्याने पुसले तर डाग मोठा होतो.

पासिंगच्या आधी

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी प्रत्यक्ष दाखवून पाच वर्षांसाठी ती पुन्हा करावी लागते. २००७ ते २०१० दरम्यानच्या या सगळ्या गाड्या आता त्या टप्प्याच्या पुढे आहेत. परभणीला आरटीओकडे जाण्याआधी अनेक जण हॉर्न, इंडिकेटर आणि नंबर प्लेट नीट करून घेतात. त्याच खेपेत मिस्त्रीला पाइपचे काम सांगा, पण ‘ब्रेक बघून घ्या’ असे नाही. ‘पाइप कंपनीच्या क्लॅम्पमधून घाला, केबल टाय नको, वॉशर नवे टाका, आणि हँडल दोन्हीकडे वळवून माझ्यासमोर दाखवा’, असे सांगा.

काम झाल्यावर गाडी घरी आणा आणि लिव्हर पूर्ण दाबून रबराने किंवा दोरीने हँडलला बांधून ठेवा. पुढच्या चाकाखाली आणि हँडलखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. सकाळी लिव्हर जिथे होता तिथेच असेल, दोन्ही बँजो बोटाला कोरडे लागत असतील आणि कागदावर एकही ओला डाग नसेल, तर आधी गल्लीतच कमी वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहा. परभणीचा रस्ता त्यानंतर धरा.